पाय फुटलेला पाट

मनुबाईच्या उजव्या गुडघ्याची वाटी मे महिन्यात बदलली. ऑपरेशन छान झालं, टाके सुकले, काठीही सुटली, आणि घरातल्यांची खरी परीक्षा तिथून सुरू झाली. तरुणपणापासून पहाटे उठून बाजार गाठणारी बाई आता दिवसभर सोफ्यावर होती आणि बसल्या जागेवरून अख्खं घर चालवत होती. कुकरच्या शिट्ट्या तिने मोजायच्या, फ्रिज कोण किती वेळ उघडा ठेवतं ते तिने बघायचं, आणि दुसरं काही सापडलं नाही तर टीव्हीशी भांडायचं. मालिकेतली एखादी सून पापलेट तव्यावर टाकताना दिसली, की मनुबाई तिला अशी झापायची की शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं.

यातलं बरंचसं दक्षताच्या वाट्याला यायचं. दक्षता तिची सून. माहेर डोंबिवलीचं. जातीने कोळीच, पण वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे वाढली फ्लॅटमध्ये, आणि मासा तिला ठाऊक होता तो धुऊन, कापून, हळद लावून समोर आलेला. ठाण्याला नौपाड्यात एका सीएच्या ऑफिसात ती कामाला होती. कोलशेतच्या घरी संध्याकाळी परत आली, की चपला काढायच्या आधी तिला दिवसभराच्या तक्रारी ऐकाव्या लागायच्या. तिचा नवरा संदेश शहाणा होता. तो हल्ली ओव्हरटाइम घ्यायला लागला होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सोपं होतं. चाला, जिने चढा, खुर्चीवर बसा, जमिनीवर मात्र पुन्हा कधी बसायचं नाही. ऐकायला सोपं. पण मासळीवालीने जमिनीवर नाही बसायचं तर बसायचं कुठे?

कोलशेतच्या नाक्यावर गावातल्या कोळणींची एक ओळ बसते. समोर प्लॅस्टिकच्या कागदावर मासळी, बाजूला बर्फ, मांडीखाली पाट आणि पायाखाली मोरळी. मोरळी म्हणजे मासे कापायची थोरली विळी, जाड फळीवर उभं पातं ठोकलेली. या ओळीत मनुबाईची जागा मधोमध होती, पिंपळाच्या सावलीत, आणि ती तिच्या सासूकडून तिला आलेली होती. जागा कुणाच्या नावावर नसते. गौरी-गणपती गेले की दुसऱ्या दिवशी लोक मासळीवर तुटून पडतात, बाजार पुन्हा भरतो, आणि त्या सकाळी जी बाई जिथे बसते ती जागा वर्षभर तिची. जी बसली नाही तिची जागा मागणारीला मिळते. एवढा एकच कायदा, आणि तो सगळ्या पाळतात.

मागणारी होती. जुलैत एका दुपारी भीमाबाई भेटायला आली. ओळीत मनुबाईच्या डाव्या हाताला बसणारी, वयाने तेवढीच, आवाजाने थोडी मोठी. चहा झाला, ऑपरेशनची चौकशी झाली, मग ती मुद्द्यावर आली.

"मने, तू आता आराम कर. जागा माझे रुचिताला दे. माझी सून काय नि तुझी सून काय."

"माझी सून ऑफिसात जाते," मनुबाई म्हणाली. "नि मी अजून जिती हाय."

"मी कुठं बोलते मेलीस म्हनून? पन गौरी गेल्यावर तू बसशील कशी, ते सांग. नि खुर्ची-टेबल घेऊन येशील तर ते ओळीत चालत नाय, ठावं हाय ना तुना?"

ते मनुबाईला चांगलं ठाऊक होतं, कारण तो नियम करताना सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडली होती. फार वर्षांपूर्वी कुणी एक बाई टेबल घेऊन आली आणि तिने आपली मासळी त्यावर मांडली. गिऱ्हाइकाला वाकावं लागेना, त्यामुळे सगळी गिऱ्हाइकं तिच्यापाशीच अडकायला लागली. चार दिवस कडाक्याची भांडणं झाली आणि ठरलं, की माल सगळ्यांचा जमिनीवर, एका पातळीत.

भीमाबाई गेली. त्या दिवशी मनुबाई टीव्हीशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मासळीचा टेम्पो गल्लीतून गेला तेव्हा दक्षता पाणी प्यायला उठली होती. मनुबाई अंधारात सोफ्यावर बसलेली दिसली, वेणी घातलेली, लुगडं नेसलेली, बाहेर जायच्या तयारीत. टेम्पोचा आवाज नाक्याकडे वळेपर्यंत ती ऐकत होती. मग तिने उशी ओढली आणि पुन्हा आडवी झाली. दक्षताला पोटातून वाईट वाटलं. पण खरं ते सांगायला हवं. तिच्या मनात त्या वेळी जेवढी माया होती तेवढाच स्वार्थही होता. ही बाई बाजारात गेली नाही, तर जन्मभर घरात बसणार, हे तिला त्या अंधारात लख्ख दिसलं.

गावाच्या मागे एका बंद कंपनीच्या आवारात एक गाळा होता. टॉवरमधल्या आणि गावातल्या काही लोकांनी मिळून तिथे सुतारकामाची सगळ्यांसाठी खुली जागा केली होती, आणि तिला सगळे दुकान म्हणत. हत्यारं सगळ्यांची, लाकूड ज्याचं त्याचं, नाहीतर विठ्ठलवाडीच्या फर्निचरवाल्यांकडून आलेले उरलेसुरले तुकडे. शनिवार-रविवार यायचं, काम करायचं, जाताना भुसा झाडून जायचं. दक्षता जाता-येता बाहेरचा फलक वाचत होती. एका शनिवारी ती आत शिरली आणि म्हणाली, "मला एक स्टूल बनवायचंय."

"बनव की," व्हॅलेंटाईन म्हणाला.

शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. कारखान्यात लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर तो आधी लाकडात घडवावा लागतो. उभा जन्म त्याने तेच केलं होतं, आणि रिटायर झाल्यावर घरी बायकोच्या पायात यायला नको म्हणून तो इथे यायचा. सगळे त्याला अंकल म्हणत. केसाएवढा फरक त्याला बोटाने कळायचा आणि तो कुणावर ओरडायचा नाही. नुसता चष्मा कपाळावर सरकवायचा. ज्याचं काम बघून अंकलचा चष्मा वर गेला त्याने समजून जायचं.

"एक नियम आहे बाय," तो म्हणाला. "पहिली वस्तू घरी जात नाय. ती इथंच राहते, दुकानात."

"का?"

"घरी नेलीस तर लोक खोटं बोलतील, छान झालं म्हणून. इथे कुणी तरी त्यावर बसेल. मग ती खरं सांगेल."

पहिल्या शनिवारी दक्षता पॅकिंगच्या पेट्यांच्या पाइन लाकडावर फक्त सरळ रेषेत करवत चालवत होती. रेषा सरळ होती. कापलेलं लाकूड मात्र रेषेला सोडून आपल्या गावाला निघालं होतं. चष्मा वर गेला. "जोर लावू नको. तिला जाऊ दे," अंकल म्हणाला. ऑफिसात दिवसभर बोटांनी काम करणाऱ्या बाईला मनगट, कोपर आणि खांदा एका ओळीत ठेवणं किती जड जातं, ते तिला त्या दिवशी कळलं. तळहाताला फोड आले. सोमवारी ऑफिसात कीबोर्डवर अंगठा लागला की ती कळवळायची. पण पुढच्या रविवारी एक तुकडा असा पडला की दोन्ही कडा एकमेकींना लावल्या तर मधून उजेड दिसेना. तिने तो तुकडा पर्समध्ये टाकून घरी आणला. वस्तू न्यायची नाही असं सांगितलं होतं, तुकड्याचं कुणी बोललं नव्हतं.

हळूहळू तिला काटकोन तपासायचा गुण्या धरता आला, लाकूड कोरायची पटाशी धार लावून वापरता आली. एका लाकडात चौकोनी भोक पाडायचं, दुसऱ्याला त्यात घट्ट बसेल अशी जीभ काढायची, आणि खिळा न मारता दोन्ही जोडायची, हे जमायला सर्वांत वेळ लागला. तिचं पहिलं स्टूल उभं राहिलं तेव्हा त्याचे तीन पाय जमिनीला टेकत होते आणि चौथा विचार करत होता. अंकलने त्याखाली पुठ्ठा सारला आणि त्यावर बसून चहा प्यायला लागला.

"आता घरी न्यायचं बनव," तो म्हणाला.

दक्षताने डोकं लढवलं. माल जमिनीवर राहील, म्हणजे ओळीचा नियम मोडत नाही. बसायला स्टूल, समोर छोटं टेबल, टेबलावर मोरळी घट्ट आवळलेली. गॅलरीत पडलेली एक जुनी मोरळी तिने माप घ्यायला आणली. टेबल झालं तेव्हा श्रावण होता. दुकानात बुकशेल्फ करणाऱ्या मितेशने आधीच हात जोडून सांगून ठेवलं होतं, की भाभी, इथे मच्छी नको, भुशाला वास लागला तर जात नाही. म्हणून चाचणी दुधीभोपळ्यावर झाली. दुधी सरळ चकत्या होऊन पडला. मितेशने टाळ्या वाजवल्या. अंकलने चष्मा वर केला नाही. दक्षता रिक्षात स्टूल पायाशी आणि टेबल मांडीवर घेऊन घरी आली, आणि तिला वाटत होतं की आज सासू तरी आपल्याला चांगलं म्हणेल.

दुधी काही मासा नव्हे. मनुबाई स्टुलावर टेबलापुढे बसली, शेजारणीने दिलेली सुरमई तिने दोन्ही हातांनी धरली आणि पात्यावर ओढली. टेबल सुरमईबरोबर निघालं. दक्षताने ते पकडलं तर मासा निसटला, आणि मासा पकडायला गेलेला मनुबाईचा अंगठा पात्याला लागला. फार नाही, पण रक्त आलं.

मनुबाई रक्ताकडे बघत राहिली. दुखल्यापेक्षा तिला अपमान झाल्यासारखा वाटला असावा. "आजपावेतो हात कापला नव्हता माझा," ती म्हणाली. "यो टेबल तुझे ऑफिसात ने. कागद कापायला बरा हाय."

दक्षताने टेबल गॅलरीत नेऊन ठेवलं, आपल्या हातावरच्या घट्ट्यांकडे बघितलं आणि तिला रडू आलं. पुढचे दोन दिवस घरात भांड्यांखेरीज कुणी आवाज केला नाही.

"सोड ना तू पण," संदेश म्हणाला. "एवढी वर्षं केलं तिने. आता घरी बसूदे तिला."

"तू बस दिवसभर तिच्यासोबत," दक्षता म्हणाली. "मग बोलू आपण."

संदेशने दुसऱ्या दिवशीही ओव्हरटाइम घेतला.

शनिवारी दक्षता दुकानात गेली ती मनुबाईची रोजची मोरळी पिशवीत घालून. कशासाठी ते तिला नीट सांगता आलं नसतं. टेबल कुठे चुकलं ते अंकलला दाखवायला काहीतरी हवं, एवढंच. अंकलने मोरळी हातात घेतली, पात्याकडे बघितलंच नाही. त्याने फळी उलटसुलट केली आणि एका ठिकाणी त्याचा अंगठा थांबला. फळीच्या मागच्या टोकाला, थोडा उजवीकडे, एक गुळगुळीत खोलगट भाग होता. लहान वाटी बसेल एवढा.

"हे कुणी कोरलं?"

"कोणी नाही. जुनी आहे फळी."

"लाकूड असंच झिजत नाय," तो म्हणाला. "काहीतरी घासलंय, रोज, एकाच जागी. काय ते?"

दक्षताने फळी जमिनीवर ठेवली, सासू बसते तशी ठेवली, आणि तिला दिसलं. टाच. मनुबाईची उजवी टाच. लग्न होऊन आल्यापासून ती हे बघत होती आणि तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"मग तुझ्या टेबलावर पाय कुठे ठेवायचा तिने?" अंकलने विचारलं. त्याने टोमणा मारला नव्हता, खरोखरच विचारलं होतं. "आणि मला नको विचारू बाय. मी फक्त खातो. जी कापते तिला विचार."

विचारणं सगळ्यांत कठीण होतं. रविवारी सकाळी दक्षता बांगडे घेऊन आली, हॉलमध्ये जुनी वर्तमानपत्रं पसरली, पाटावर बसली आणि मोरळी पुढ्यात ओढली.

"आई, मला शिकवा."

मनुबाईने टीव्हीचा आवाज बंद केला. सोफ्यावर बसून तिने सुनेला आधी पाय ठेवायला शिकवलं, मासा धरायला नंतर. "टाच दाब. बोटं नाय, टाच! मासा तू आपल्याकडनं लोटतंस ना, तवा मोरली पुढं पलते. टाचेनं तिला धराची. हात नाय कापत पोरी, पाय कापतो." दक्षताने टाच उचलली की फळी नाचायची आणि बांगडा वेडावाकडा फाटायचा. टाच दाबली की पातं जमिनीत रुजल्यासारखं उभं राहायचं. पाचव्या बांगड्याला तिच्या पोटरीत गोळा आला आणि ती पाय धरून वर्तमानपत्रावरच आडवी झाली. मनुबाई हसायला लागली. ऑपरेशनपासून तिला असं हसताना कुणी बघितलं नव्हतं. मग दक्षताही हसली, माशांच्या खवल्यांत लोळत.

"आता कलला?" मनुबाईने विचारलं.

"कळलं. तुम्ही बसता म्हणून ती उभी राहते."

मनुबाईने यावर थोडा विचार केला. "तसाच," ती म्हणाली, आणि तिने टीव्ही पुन्हा लावला नाही.

त्यानंतरचं काम सोपं नव्हतं, पण कुठे जायचं ते आता दक्षताला ठाऊक होतं. स्टूल वेगळं आणि टेबल वेगळं नको होतं. एकच वस्तू हवी होती, दोन पायऱ्यांसारखी. मागची पायरी बसायला, पुढची ठेंगणी पायरी मोरळीला आणि पायांना. बसणारीचं वजन आणि कापणारं पातं एकाच सांगाड्यावर. तिने सासूची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची मापं घेतली. मनुबाईला गुदगुल्या व्हायच्या आणि टेप हलायचा. डॉक्टरांनी गुडघा किती वाकवायचा सांगितलं होतं त्याहून तो जास्त वाकणार नाही असा कोन तिने पुठ्ठ्यावर कापून बघितला.

लाकूड सागवानी मिळालं, कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या दरवाजाची चौकट. पुढच्या पायरीवर नवी फळी बसवायची नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. मनुबाईची टाच जिथे बसते ती जुनी फळी जशीच्या तशी हवी होती. फळी आत सरकून घट्ट बसेल अशी खाच तिने दोन्ही बाजूंना पाडली. पहिली खाच सैल झाली. चष्मा वर गेला. तिने ती दांडी टाकून दिली आणि दुसरी कापली. पूर्वीची दक्षता असती तर मध्ये कागदाची घडी सारून मोकळी झाली असती. आता तिच्या हाताला सैल लाकूड सहन होईना.

गौरी यायच्या आधीच्या रविवारी आवारातल्या नळापाशी चाचणी झाली. या वेळी दुधी नव्हता. अंकलने स्वतः एक रावस आणला होता, आणि चाचणीनंतर तो घरी न्यायचा त्याचा बेत होता. मितेश तोंडाला रुमाल बांधून लांब उभा राहिला, पण गेला नाही. मनुबाई रिक्षातून उतरली, त्या वस्तूभोवती एकदा फिरली, बसली, उजवी टाच तिच्या जागेवर टेकवली, आणि रावस तिने इतक्या पटापट कापला की दक्षताला पातं हललेलं दिसलंच नाही. सांगाडा केसभर सरकला नाही.

मनुबाई चांगलं झालं असं म्हणाली नाही. ती उठेचना.

गौरी-गणपती गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे संदेशने तो दोन पायऱ्यांचा सांगाडा टेम्पोतून नाक्यावर आणला. दक्षताने ऑफिसात उशिरा येईन असं कळवलं होतं, दुपारपर्यंत मात्र तिला पोचायचंच होतं. पिंपळाखाली भीमाबाई आधीच बसली होती, आणि मनुबाईच्या मोकळ्या जागेशी रुचिता उभी होती. हातात नवा कोरा पाट आणि डोळे मोबाइलमध्ये. तिच्याकडे बघून तिला ही जागा हवी आहे असं कुणी म्हणालं नसतं.

दक्षताने सांगाडा खाली ठेवला. मनुबाई त्यावर बसली तेव्हा तिचं डोकं ओळीतल्या बाकीच्यांपेक्षा हातभर वर होतं.

भीमाबाईचा आवाज नाक्याच्या पलीकडे गेला. "यो काय? खुर्ची-टेबल नाय चालनार! तूच नियम केलास ना?"

सगळी ओळ थांबली. बर्फ फोडणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. मनुबाईने मात्र घाई केली नाही. तिने लुगडं सारखं केलं.

"माल बग कुठं हाय माझा," ती म्हणाली. "जमिनीवर. तुझा हाय तसा. नि यो पाटच हाय, भीमे. माझे पाय गेले, म्हनून त्याला फुटले."

ओळीच्या टोकाला कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरी हसली, आणि मग कायद्याचं काही उरलं नाही. बर्फ पुन्हा फुटायला लागला. भीमाबाई तोंड फिरवून आपल्या कोळंबीवर पाणी मारत बसली. रुचिताने मोबाइलमधून डोकं वर काढलं, आपला पाट उचलला आणि सुटल्यासारखी घरी निघून गेली.

पहिलं गिऱ्हाईक आलं. हाफपँटमधला टॉवरमधला माणूस, हातात कापडी पिशवी.

"मावशी, तो मोठा हलवा द्या. कापून."

मनुबाई वाकली. हलवा खाली कागदावर होता, बर्फात, पुढच्या रांगेत. तिचा हात खाली गेला, आणखी खाली गेला आणि अधांतरी थांबला. आणखी वाकायचं तर गुडघा जास्त मुडपायला हवा होता, आणि तो मुडपायचा नव्हता. तिने अंग पुढे ढकलून बघितलं. बोटं आणि हलवा यांच्यात वीतभर अंतर राहिलं.

दक्षताने नडगी मोजली होती, टाच मोजली होती, पाठीचा कणा मोजला होता. माल जमिनीवर असेल हेही तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो उचलणार कोण, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. दुकानातल्या नळापाशी रावस अंकलने सासूच्या हातात दिला होता.

ती पटकन पुढे झाली आणि तिने हलवा उचलून सासूला दिला. मनुबाईने तो कापला. गिऱ्हाईक खुश होऊन गेलं. पण मनुबाई सुनेकडे बघत होती आणि सून मनुबाईकडे, आणि दोघींना एकच गोष्ट कळली होती. दुपारी दक्षता जाणार. उद्याही जाणार. परवाही.

"मी सुट्टी टाकते," दक्षता हळूच म्हणाली.

"किती दिस टाकशील?"

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, एक म्हातारी बाई. तिला बोंबील हवे होते, आणि दक्षता ज्या बाजूला उभी होती तिथून ते दूर होते, भीमाबाईच्या बाजूला. दक्षता वळसा घालून निघाली. तिला तिथे पोचावं लागलं नाही. भीमाबाईने आपल्या जागेवरून अंग कलतं केलं, बोंबलांचा वाटा उचलला आणि मान वर न करता, हात तेवढा वर केला.

"घे," ती म्हणाली. "लोकांना किती उभं करशील."

मनुबाईने वाटा घेतला. पण ती बोंबलांकडे बघत नव्हती. भीमाबाई कलली तेव्हा तिच्या गुडघ्यातून एक आवाज आला होता, सुकी काटकी मोडावी तसा. दक्षताने ऐकला नाही. मनुबाईने ऐकला, कारण तिच्या स्वतःच्या गुडघ्यातून तो कित्येक वर्षं येत होता आणि तिने तो कित्येक वर्षं लपवला होता. भीमाबाईने ओठ दाबले होते. हात जमिनीला टेकवून ती पुन्हा सरळ झाली, आणि सरळ व्हायला तिला बराच वेळ लागला.

भीमाबाईला शेजारी आपली सून कशाला हवी होती, ते मनुबाईला आत्ता समजलं. जागेचा लोभ नव्हता तो. हाताशी कुणीतरी हवं होतं.

तिने बोंबील साफ केले, पिशवीत भरले, म्हातारीला दिले. मग दक्षताला जवळ बोलावलं आणि तिच्या परीने हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या चारजणींना ऐकू जाईल एवढ्यात, म्हणाली, "तुझा टेप हाय का पर्समध्ये?"

"आहे."

"भीमाचा माप घे."

भीमाबाई गर्रकन वळली. "माझा कशाला? मना काय झालाय?"

"कायच नाय झालाय," मनुबाई म्हणाली. "बस गप."

दक्षता टेप घेऊन भीमाबाईपुढे उकिडवी बसली. भीमाबाईने तिच्याकडे बघितलं, टेपकडे बघितलं, वर बसलेल्या मनुबाईकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला भयंकर राग आला होता. समोर एक गिऱ्हाईक येऊन कोळंबीचा भाव विचारत होतं.

"थांब जरा," ती गिऱ्हाइकाला म्हणाली, आणि तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय दक्षतापुढे लांब केला.